वायर थोडी सैलच हवी

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. डोंगर चढायला तिला सुमारे २१ किलोमीटरांचा वळसा घालावा लागतो, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार चढ सोसत नाही. मोटारीच्या रस्त्याने दस्तुरी नाक्यापर्यंतची चढण मात्र सात-आठ किलोमीटरांत उरकून टाकली आहे. वाचवलेल्या अंतराचा हिशेब कुणालातरी चुकवावा लागतोच. दुचाकीवरून जाणाऱ्यांच्या बाबतीत तो क्लच चुकवतो.

पावसाळी रविवारी या घाटात करपट वास येतो. तो बहुतेक वेळा चारचाकीचा असतो. मोटारीचा क्लच कोरडा असतो, करपला की नाकाला लगेच कळतो. आपल्याकडच्या बहुतेक बाईकचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्ये बुडालेला असतो. तो गुपचूप जळतो. मालकाला पत्ता लागतो तो दोन-तीन महिन्यांनी, मेकॅनिकने ‘प्लेटा गेल्या’ असं सांगितल्यावर. प्लेटा जातात हे खरंच, त्या झिजण्यासाठीच बनवलेल्या असतात. पण पुष्कळदा त्यांना वेळेआधी घालवणारी गोष्ट हँडलच्या डाव्या बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. ती म्हणजे गरजेपेक्षा जास्त ताणलेली क्लच वायर.

कर्जत-खालापूरचा माणूस आपल्या क्लचचे जितके हाल करतो तितके सपाटीवरचा करत नसेल. कडाव, काशेळे, कळंब इथून पहाटे लोकल गाठायला निघालेला चाकरमानी खड्डे चुकवत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच निम्मा रस्ता कापतो. शनिवारी फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांनी चारफाटा तुंबला की सगळे हाफ क्लचवर. पुण्याला जायचं तर द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव, म्हणजे खोपोलीतून जुन्या हायवेने, शिंग्रोबाच्या देवळावरून बोरघाट चढणं आलं. याच घाटाच्या रेल्वेमार्गावर चढ सदतिसास एक आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. बाईकला मागून ढकलणारं कुणी नसतं. शंभर सीसीचं इंजिन, मागे बसलेलं माणूस, मांडीवर पोर, हँडलला पिशवी, आणि या सगळ्याचं ओझं इंजिनाकडून चाकाकडे पोचवणाऱ्या चार-पाच चकत्या.

त्या चकत्यांचं काम आधी पाहू. क्लचच्या डब्यात, ज्याला गॅरेजमध्ये घंटी म्हणतात, दोन जातींच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षणाचं अस्तर लावलेल्या प्लेटांचे कान घंटीच्या खाचांत बसतात. घंटी इंजिनाबरोबर फिरते. मधल्या साध्या पोलादी प्लेटा आतल्या हबला धरून असतात आणि हब गिअरबॉक्सला जोडलेला असतो. ही सगळी चळत स्प्रिंगा घट्ट दाबून धरतात. दाबलेली असते तोवर दोन्ही जाती एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकाकडे जाते. लिव्हर दाबला की वायर इंजिनावरचा छोटा दांडा ओढते, दांडा आतली दाबपट्टी स्प्रिंगांच्या विरुद्ध किंचित सरकवतो आणि चळत मोकळी होते. किंचित म्हणजे खरोखरच किंचित, एक-दोन मिलिमीटर. तेवढ्यात इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे असा सवतासुभा होतो आणि गिअर बिनबोभाट पडतो.

म्हणजे क्लच ‘लावून धरणं’ हे स्प्रिंगांचं काम, वायरीचं नाही. वायर फक्त सोडवते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. वायर जरा जास्त ताणली तर लिव्हर न दाबताही ती दाबपट्टीला थोडीशी ओढून धरते, स्प्रिंगांचा जोर पूर्ण लागत नाही आणि प्लेटा एकमेकींवर घसरत राहतात. चढावर पिळावं तसं इंजिन ओरडतं, गाडी मात्र उचलत नाही. उलट वायर फार ढिली असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही चळत नीट सुटत नाही. मग पहिला गिअर खाडकन पडतो, क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे रेटते आणि फाटकाशी उभं असताना न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. पहिला प्रकार प्लेटा खातो, दुसरा गिअरचे दात.

दोन्हींच्या मध्ये जी मोकळीक हवी तिला सगळे ‘प्ले’ म्हणतात. लिव्हर बोटाने हलकेच ओढावा. सुरुवातीला तो अगदी सहज, फुकटात येतो आणि मग एका जागी स्प्रिंगचा जोर हाताला लागतो. तिथपर्यंतचं अंतर म्हणजे प्ले. हिरो-होंडाच्या घराण्यातल्या रोजच्या वापराच्या गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत तो लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर दिलेला असतो. काही कंपन्या तोच लिव्हरच्या मुळाशी, जिथे लिव्हर आणि त्याचा ब्रॅकेट यांच्यात फट दिसते तिथे, २ ते ३ मिलिमीटर सांगतात. गोष्ट एकच आहे. लिव्हरचं टोक त्याच्या खिळीपासून लांब आणि वायर खिळीच्या जवळ, त्यामुळे वायरीतला एक मिलिमीटर टोकाशी पाच-सहा होऊन दिसतो.

आता या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी आणि गॅरेजमध्येही फारशी न बोलली जाणारी गोष्ट. प्ले आपणहून बदलत असतो आणि तो कोणत्या दिशेने बदलला यावरून आत काय चाललंय ते कळतं. वायर जुनी झाली, तिचे पीळ ताणले, आउटरचं वेटोळं दबलं, की प्ले वाढतो. हे सगळ्यांना पटतं. पण प्लेटा झिजल्या की प्ले कमी होतो. कारण साधं आहे. अस्तर झिजून चळत पातळ झाली की दाबपट्टी तेवढी आत सरकते आणि तिच्याशी लागून असलेली काडी दांड्याच्या अंगावर येते. हाताने काही न करता वायर ताणल्यासारखी होते. म्हणून ज्या गाडीचा क्लच गेल्या महिन्यापर्यंत ठीक होता आणि आता लिव्हर टोकापासूनच कडक लागतोय, तिची वायर ‘आवळली’ नसते, तिच्या प्लेटा पातळ होत असतात. अशा वेळी वायर सैल करून प्ले परत द्यायचा असतो. होतं उलटंच. गाडी खेचत नाही म्हणून माणूस टपरीवर जातो, तिथला पोरगा ‘क्लच टाइट करून देतो’ म्हणतो आणि उरलेला एखादा मिलिमीटरही खाऊन टाकतो. पुढचा घाट त्या प्लेटांचा शेवटचा.

टाइट म्हणजे चांगलं, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. चेन टाइट, ब्रेक टाइट, नट टाइट. क्लचच्या वायरीला ती लागू नाही.

वायरीची रचनाही एकदा समजून घेण्यासारखी आहे. लवचिक नळीतून तार ओढून जोर दुसरीकडे पोचवायच्या या युक्तीचं पेटंट अर्नेस्ट बाउडेन या आयरिश माणसाने १८९६ साली घेतलं. सायकलच्या ब्रेकला ती लवकरच लागली, मोटारसायकलला लागली आणि आजही जवळजवळ तशीच आहे. आत पिळाची पोलादी तार, तिच्या दोन्ही टोकांना ओतीव गोळी. बाहेर आउटर, म्हणजे पोलादी पट्टीचं किंवा तारांचं घट्ट वेटोळं आणि त्यावर प्लास्टिक. तार ताण घेते आणि आउटर दाब घेतो. आउटर कितीही वळवा, त्याची लांबी बदलत नाही, म्हणून हँडल फिरवलं तरी क्लच आपोआप ओढला जात नाही.

आणि म्हणूनच वायर ताणायची तर तारेला हात लावत नाहीत, आउटर लांब करतात. नवशिक्याला हे कोडं वाटतं. ॲडजस्टरचा स्क्रू बाहेर काढला तर सैल व्हायला हवं, घट्ट कसं होतं? पायजम्याचा नेफा मोठा केला तर तीच नाडी बाहेर कमी उरते, तसंच इथे होतं. ॲडजस्टर बाहेर आला की आउटरची एकूण लांबी वाढते, आतली तार तेवढीच राहते, मधली ढिलाई संपते. वरच्या टोकाला काय किंवा खालच्या टोकाला काय, नियम एकच आहे. आउटरचं टोक त्याच्या गोळीपासून दूर गेलं की प्ले कमी, जवळ आलं की जास्त.

प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं आहे. इंजिन थंड असताना गाडी डबल स्टँडवर लावावी. पट्टीने लिव्हरच्या टोकाशी प्ले मोजावा. नजरेच्या अंदाजावर जाऊ नये, कारण अंदाज नेहमी कमीच्या बाजूला चुकतो. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून तोच प्ले पुन्हा पाहावा. दोन्हीकडे फरक पडत असेल तर वायर कुठेतरी अडकली आहे, हेडलाइटमागे दाबली गेली आहे किंवा चुकीच्या बाजूने ओवली आहे. ते आधी सोडवायचं. अडकलेली वायर ॲडजस्ट करण्यात अर्थ नाही, पहिल्याच वळणावर ती आपलं माप बदलेल.

लिव्हरशी असलेलं रबरी टोपण मागे सारलं की दोन भाग दिसतात. एक पोकळ स्क्रू आणि त्यावर एक दातेरी चाकी. चाकी म्हणजे लॉक. ती बोटांनी ढिली होते, नाही झाली तर फडक्याने धरावी, पकडीने दात खाऊ नयेत. मग स्क्रू फिरवायचा. एक पूर्ण फेरा म्हणजे वायरीत साधारण एक-सव्वा मिलिमीटर, म्हणजे लिव्हरच्या टोकाशी पाच-सात. तेव्हा अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानेच जावं, दर वेळी लिव्हर दोन-तीनदा दाबून मग मोजावं. १५ मिलिमीटरच्या आसपास आला की थांबायचं आणि चाकी परत आवळायची.

इथे एक बारीक खोच आहे. वायर काढता-घालता यावी म्हणून स्क्रूला आणि चाकीला उभी चीर असते. काम संपताना त्या दोन्ही चिरा एका रेषेत, तोंड वर करून राहिल्या तर दोन गोष्टी होतात. वायर तिथून उसळून बाहेर यायला मोकळी होते आणि पावसाचं पाणी थेट आउटरमध्ये उतरतं. कर्जत-खालापूर पट्ट्यात हंगामाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस होतो, माथेरानला त्याहून कितीतरी जास्त. आउटर ही वरून उघडी, खाली वळलेली नळीच आहे. आत गेलेलं पाणी खालच्या वळणावर साचतं, तार गंजते आणि गणपतीपर्यंत क्लच इतका जड होतो की मनगट भरून येतं. म्हणून चिरा एकमेकींपासून फिरवून ठेवाव्यात आणि रबरी टोपण जागेवर बसवावं. फाटलेलं टोपण बदलायला वीस-तीस रुपयांवर खर्च येत नाही, पण बदलतो कोण?

वरचा स्क्रू बऱ्यापैकी बाहेर येऊनही प्ले जास्तच असेल तर तो आणखी काढू नये. थोड्याच आट्यांवर लटकलेला स्क्रू एक दिवस वाकतो. तो पूर्ण आत घालावा, एखादा फेरा बाहेर ठेवावा आणि मुख्य दुरुस्ती खाली, इंजिनापाशी करावी. तिथे ब्रॅकेटच्या दोन बाजूंना दोन नट असतात. दोन पाने लागतात, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. बहुतेक गाड्यांना दहा किंवा बारा नंबरचा पाना चालतो. खाली ढोबळ आणि वर बारीक, अशी ही वाटणी आहे. घाटात, पावसात, पाना नसताना हाताने करता येण्यासारखी दुरुस्ती वर शिल्लक राहिली पाहिजे.

मग गाडी सुरू करून बघावं. क्लच दाबून पहिला टाकला तर हलकासा टक आवाज यावा, गाडीने पुढे उसळी घेऊ नये. सोडताना लिव्हरच्या प्रवासाच्या साधारण मध्यावर गाडीने पकड घ्यावी. अगदी शेवटी, लिव्हर जवळजवळ सुटल्यावर पकडत असेल तर प्ले अजून कमी आहे. घसरतोय का हे तपासायला सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना एकदम थ्रॉटल द्यावा. आवाज चढला आणि काटा मागे राहिला, तर क्लच स्लिप होतोय.

प्ले बरोबर असूनही स्लिप होत असेल तर वायरीचा पिच्छा सोडावा. प्लेटा संपल्या असतील, स्प्रिंगा बसल्या असतील किंवा ऑइल चुकीचं असेल. ऑइलचा मुद्दा खेड्यापाड्यात फार सतावतो. मोटारीसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. तिथे ती गुणाची, कारण मोटारीचा क्लच ऑइलमध्ये नसतो. बाईकमध्ये तेच ऑइल प्लेटांना भिजवतं आणि त्या बुळबुळीत होतात. बाईकसाठीच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-टू’ हा जपानी मानकाचा शिक्का असतो. तो बघून घ्यावं, डब्यावरचं चित्र बघून नाही. मोटारीतून उरलेलं ऑइल ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून बाईकमध्ये ओतणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत.

प्ले बरोबर असूनही गिअर अडकत असेल तर पोलादी प्लेटा तापून वाकल्या असतील किंवा घंटीच्या कडांना प्लेटांच्या कानांनी खाचा पाडल्या असतील. पण त्याआधी दोन स्वस्त गोष्टी तपासाव्यात. आयडलिंग जास्त ठेवलेलं असेल तर कितीही चांगला क्लच पहिल्या गिअरला खाडकन वाजेल. आणि चेन लोंबत असेल तर गिअर बदलताना बसणारा झटका चेनचा असतो, शिव्या मात्र क्लच खातो. पावसाळ्याच्या सकाळी पहिला गिअर टाकताना गाडी एकदा उडी मारते, तेही रोग नव्हे. रात्रभर थंड ऑइलात चिकटून बसलेल्या प्लेटा त्या क्षणी सुटत असतात. सुरू करून मिनिटभर गरम होऊ द्यावी, लिव्हर चार वेळा दाबावा-सोडावा.

घाटातल्या चालवण्याबद्दल थोडं. चढावर गाडी उभी धरायची तर ब्रेकवर धरावी. हाफ क्लचवर तोलून धरण्याचं कसब मित्रांना दाखवायला ठीक आहे, पण तेव्हा इंजिनाची सगळी ताकद प्लेटांत उष्णता होऊन मुरत असते. वळण यायच्या आधी खालचा गिअर घ्यावा, वळणात अडकल्यावर क्लच पिळत बसू नये. चालवताना लिव्हरवर दोन बोटं सतत टेकवून ठेवायची सवय तर सगळ्यात वाईट, कारण बोटांचं वजन म्हणजे ताणलेली वायरच. प्ले नीट राखलेला असेल तर तो या सवयीचा थोडा मारही झेलतो. खंडाळ्याकडून खोपोलीला उतरताना पेट्रोल वाचवायला क्लच दाबून गाडी सोडून देणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. उतारावर इंजिन हाच मोठा ब्रेक असतो आणि क्लच दाबला की तो गेला.

क्लच हाताने वाचवायची गरजच पडू नये असे प्रयत्न जुने आहेत. म्हैसूरच्या जावा-येझ्दीत गिअरचा पाय दाबला की आतल्या यंत्रणेने क्लच आपोआप काहीसा सुटायचा, त्यामुळे सराईत माणूस लिव्हरला हात न लावता गिअर बदलायचा. होंडाने १९५८ च्या सुपर कबमध्ये लिव्हरच काढून टाकला. गिअर नसलेल्या स्कूटरनी तर आता सुमारे एक तृतीयांश बाजारपेठ खाल्ली. महागड्या बाईकमध्ये वायरीच्या जागी तेलाच्या दाबाचा क्लच येतो आणि तो प्लेटांच्या झिजेचा हिशेब आपला आपण ठेवतो. पण भाताची पोती, दुधाचे कॅन आणि तीन माणसं वाहणारी कर्जतकडची गाडी अजून वायरीवरच चालते.

वायर तुटते ती बहुधा लिव्हरजवळच्या गोळीपाशी. लिव्हर वळताना गोळीने आपल्या भोकात फिरायला हवं. तिथे ग्रीस नसेल तर ती अडकते आणि गोळीऐवजी तार वाकते. हजारदा वाकली की एकेक धागा तुटू लागतो. टोपण सारून बघितलं तर गोळीच्या गळ्याशी केसासारखे धागे उभे राहिलेले दिसतात, बोटाला टोचतात. एक धागा दिसला तरी ती वायर बदलायची. उरलेल्यांवर ताण वाढतो आणि ती झपाट्याने जाते. जड झालेल्या पण धडधाकट वायरीसाठी जुनी युक्ती आहे. वरचं टोक सोडवायचं, आउटरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा दोऱ्याने आवळून नरसाळं करायचं, त्यात पातळ मशिन ऑइल ओतून वायर रात्रभर खुंटीला टांगायची. सकाळी खालून काळपट तांबूस तेल ठिबकलेलं असतं. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या नव्या वायरींना मात्र हे करण्याआधी कंपनीची पुस्तिका बघावी. आणि ग्रीस आउटरमध्ये कधीच भरू नये, धूळ धरून ते घट्ट होतं.

लांबच्या प्रवासाला जाणारे बुलेटवाले नवी वायर जुन्या वायरीच्या अंगाने ओवून, टेपने बांधूनच ठेवतात. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. हे कुणालाही करता येण्यासारखं आहे. तेवढी तयारी नसेल आणि वायर घाटात तुटलीच, तर इंजिन बंद करून गाडी कडेला घ्यावी. उतार असेल तर न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर, सावकाश खाली यावं. क्लचशिवाय गिअर टाकत गाडी नेणारे लोक असतात, पण बोरघाटातल्या ट्रकांच्या रांगेत ते करून बघू नये.

नवी वायर टाकल्यावर पहिले काही दिवस आउटर आपल्या जागी दबून बसत असतो, पीळही थोडे ताणतात. त्यामुळे मेकॅनिकने कितीही नीट लावून दिली असली तरी दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर पट्टी घेऊन प्ले पुन्हा मोजावा. वाढलेला असेल, तर या वेळी वायर खरोखरच ताणायची आहे.